उपटलेला होल्डर

आमच्या दीपकने कयाक आणली तेव्हा तिला होडी म्हणायला मी साफ नकार दिला होता. होडी लाकडाची असते, तिच्यात चार माणसं मांडी घालून बसतात, मध्ये जाळं पडलेलं असतं. आणि हे काय, तर पिवळंधम्मक प्लास्टिकचं लांबडं प्रकरण, वरती दोन खड्डे, त्यात पाय लांब करून बसायचं. चाळीने पहिल्याच दिवशी तिचं नाव केळं ठेवलं. काळाचौकीच्या आमच्या चाळीत माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि माझा लेक जिन्याखाली केळं आणून ठेवतो.

"आई, सेकंडहँडमध्ये मस्त डील मिळालं गं. खास फिशिंगची आहे," तो म्हणाला.

"मासे बाजारात मिळतात रे, आणि साफ करूनपण देतात," मी म्हटलं.

पण हे नुसतं तोंडी लावण्यापुरतं झालं. खरं भांडण नंतर लागलं, आणि ते लावलं आमच्या ह्यांनी.

गेल्या वर्षी गौरी-गणपती झाले आणि ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. कॉटन ग्रीनच्या गोदामांत जन्मभर ज्या हाताने क्रेन चालवली, रविवारी ज्या हाताने बंदराच्या कठड्यावरून गळ टाकला, तो हात मांडीवर पडून राहिला, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन गॅलरीपर्यंत यायला लागले. बोलणंही परत आलं, पण तुटक, आणि आलं तेही गावचं मालवणी. हाताचं मात्र काहीतरी भलतंच झालं. बोटं मिटायची, उघडायची नाहीत. फिजिओवाली मुलगी सांगून गेली की जोर येईल काकू, पण हाताला काम द्या. मी काय काम देणार? मुठीत रुमाल द्यायचे. मग तो रुमाल मीच एकेक बोट सोडवून बाहेर काढायचे.

वर्षभर या माणसाने काही मागितलं नाही. चहा दिला तर चहा, नाही दिला तर नाही. मासळी पुढ्यात ठेवली तरी तेच, वरणभात ठेवला तरी तेच. मी तापट आहे, भांडी आदळते, सगळ्या चाळीला माहीत आहे. पण ज्याच्यावर रागवायचं तोच उलटून बोलेना, तर रागाला तरी काय चव राहणार. नवरा समोर बसलेला असायचा आणि मला त्याची आठवण यायची. हे असं मी कुणाला बोलले नव्हते.

तर एका रविवारी दीपक खाली नळावर केळं धूत होता आणि हे गॅलरीत खुर्चीवर बसून बघत होते. मी शेंगदाणे निवडत होते. मध्येच म्हणाले, "माका दर्यार जावचा आसा."

मला वाटलं रेडिओ बोलला. मान वर केली तर हे माझ्याकडेच बघत होते. पुन्हा म्हणाले, सावकाश, प्रत्येक शब्द ओढून काढत. वर्षभरातलं पहिलं मागणं, आणि तेही असलं.

मी दीपकला वर बोलावलं आणि त्याची जी काही पूजा बांधली ती बांधली. "शिरा पडो तुझ्या तोंडार, हे सगळं तुझं काम. धडधाकट माणसं बुडतात, आणि ह्यांना घेऊन जाणार?" दीपक म्हणाला, "अगं, मी बोललोच नाहीये त्यांना." हे बोलले, "माका जावचा आसा." मी म्हटलं, "गप बसा हो." वर्षभर बोला बोला म्हणून मागे लागलेली बाई मी, आणि पहिल्यांदा बोलले तर गप बसवलं.

मिटवलं ते प्राचीने. प्राची माझी सून, शाळेत गणित शिकवते, भांडत नाही, नुसता चष्मा वर सरकवते. "आई, डॉक्टरांना विचारू. ते नाही म्हणाले तर विषयच संपला," म्हणाली. मला वाटलं, सुटले. डॉक्टर म्हणाले, "सकाळच्या वेळी, किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून जाणार असतील तर माझी हरकत नाही. काकू, त्यांना इच्छा झाली हे बघा ना." डॉक्टरही फितूर.

मग मी अटी घातल्या. पाठ टेकायला उंच खुर्ची पाहिजे. डाव्या, म्हणजे चालत्या हाताला धरायला हँडल पाहिजे. दीपक मागच्या खड्ड्यात बसेल. मला किनाऱ्यावरून चेहरे दिसतील त्याच्या पुढे जायचं नाही. आणि गळाची काठी ह्यांच्या हातात द्यायची नाही, उजवा हात धरणार नाही आणि डावा मी हँडलला अडकवलेला.

"रॉड होल्डर बसवतो ना," दीपक म्हणाला. "काठी त्यात खोचली की झालं. बाबांनी फक्त बघायचं."

कुरियरवाल्याने खोके आणून टाकले. खुर्ची आली, हँडल आलं, आणि तो होल्डर आला, काळा, चांगला मनगटाएवढा जाड, खाली रुंद पाया. खोक्यावर हेवी ड्युटी लिहिलेलं. खुर्ची आणि हँडल बसवायला कयाकमध्ये कंपनीचीच पितळी आटे पाडलेली भोकं होती, तिथे बोल्ट कसले आणि काम झालं. होल्डरला जागा नव्हती. दीपकने उजव्या बाजूला खूण केली, ड्रिल लावलं आणि चार बारके स्क्रू वरूनच पिळून टाकले. मी जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते.

"एवढ्याशा स्क्रूवर राहील का रे ते?" मी विचारलं. "प्लास्टिक किती पातळ आहे. पातळ कापडाला बटण लावतात तेव्हा मागून तुकडा देतात, नाहीतर कापडासकट निघून येतं."

"माहितीये गं. मागून प्लेट लावायची असते, व्हिडिओत दाखवतात. पण तिथे आतून हात जात नाही, कटकट आहे," तो म्हणाला. "आणि मासा आला तरी तो असून असून केवढा असणार? बाबांना कुठे जोर लावायचाय त्याच्यावर?"

मलाही तेच वाटत होतं.

दसरा आला. आमच्या चाळीत दसऱ्याला कशाची पूजा होत नाही ते विचारा. स्कूटरी, रिक्षा, शिलाईची मशीन, पाण्याचा पंप, सगळ्यांना झेंडू. मग केळ्याने काय पाप केलं होतं? दीपकने ती बाहेर अंगणात काढून टायरांवर ठेवली, पुसली. प्राचीने नाकाला हार घातला, होल्डरलाही एक बारका हार गुंडाळला. मी हळदकुंकू लावलं, मनात चरफडत का होईना, पण लावलं. कुणीतरी म्हणालं, जयवंतकाकांना बसवा की आत, फोटो काढू. दोघांनी उचलून ह्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं. नवा सदरा घातलेला, कपाळाला टिळा, अगदी राजासारखे दिसत होते. मी पदर तोंडाला लावला.

नारळ फुटला. तिथेच थांबायला हवं होतं. पण तिथे भिवाभाऊजी होते. भिवाभाऊजी म्हणजे ह्यांचे गोदामातले जोडीदार, राहायला आमच्याच मजल्यावर, आणि मंडळाच्या आरतीचा मान गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे. त्या माणसाला पेटलेला कापूर दिसला की थांबवणं कठीण. रिक्षेच्या पूजेलाही आरती म्हणणारा माणूस. त्यांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात आरती धरली. टाळ्या सुरू झाल्या, पोरं झांजा घेऊन आली.

आता, आरती सुरू झाल्यावर आमचे हे कधी बसलेत? लहानपणी वडिलांनी कान पिळून लावलेली सवय. आजारपणात खुर्चीत बसून आरती घ्यायचे तेव्हा मान खाली असायची, ते मला दिसायचं. आणि इथे सगळी चाळ उभी आणि हे मधोमध बसलेले. मी बघत होते. डावा हात हँडलवर घट्ट झाला. मग उजवा हात मांडीवरून घसरत घसरत गेला आणि होल्डरवर पडला. बोटं मिटली. मी ओरडायच्या आत त्यांनी अंग वर ओढलं.

अर्धे उठले. खरंच उठले. मग कडाकड आवाज झाला आणि हे धप्पकन खुर्चीत मागे आले.

भिवाभाऊजींची आरती तोंडातच राहिली. मी धावले. मला वाटलं हाड मोडलं, डोकं आपटलं, काय काय वाटलं. जवळ जाऊन बघते तर ह्यांचा उजवा हात वर हवेत, आणि हातात तो होल्डर. मुळासकट आलेला. चारी स्क्रू खाली लोंबतायत, त्यांना पिवळ्या प्लास्टिकचे कपचे, आणि वरती झेंडूचा हार तसाच.

"अहो, लागलं का? कुठे लागलं?"

हे हसत होते. तोंड एका बाजूला वाकडं होतं झटक्यापासून, पण ते हसणंच होतं. होल्डर माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मियां उपटलंय गो."

त्यांनी मला 'गो' म्हटलं. वर्षभरात पहिल्यांदा. मला रडू आलं, आणि चारचौघांत आलं, लाज कसली त्याची. भिवाभाऊजींनी विचारलं, "वहिनी, आरती पुरी करू ना?" मी म्हटलं, "करा, सगळ्या करा, आज कुणी तुम्हाला अडवत नाही." ती संपेपर्यंत हे होल्डर घेऊनच बसले होते, कारण सोडता येत नव्हता. मग मी खाली बसून एकेक बोट उघडलं. करंगळी सगळ्यात शेवटी. रोज रुमाल काढताना ती मऊ लागायची, आज चांगली अडून बसली होती.

या सगळ्यात दीपक कुठे दिसेना. शोधायला गेले तर जिन्याखाली, जिथे केळं ठेवतो त्या रिकाम्या जागेत बसला होता. डोळे लाल.

"अरे, चार स्क्रू निघाले त्याचं काय एवढं?" मी म्हटलं. "आई, हे पाण्यात झालं असतं तर?" तो म्हणाला. मग बाहीने डोळे पुसले. "आणि ते सोड. मी बाबांना जोर नाहीच असं धरून चाललो होतो. आजारी माणसासाठी बसवलं मी ते. शोभेला. त्यांना कळलं असेल का गं?"

मी त्याच्या शेजारी टेकले. माझ्या लेकाचे केस मागे विरळ झालेत, ते त्या दिवशी जवळून दिसलं. पाठीवर हात फिरवला. "त्यांना काय कळायचं ते कळू दे. ते तिकडे सगळ्या चाळीला होल्डर दाखवत सुटलेत," मी म्हटलं. "तू आता नीट बसव. तुझ्या बापाने ओढला तरी निघणार नाही असा बसव."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दीपकने लांब बोल्ट आणले, रुंद वायसर आणले, आपोआप सैल न होणारे नट आणले. होल्डरच्या खाली, प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, जाड फळी हवी होती, म्हणजे ओढ एकाच भोकावर न येता पसरून जाते. लाकूड पाण्यात कुजतं, पत्रा गंजतो. दीपक म्हणाला जाड प्लास्टिक पाहिजे, पण त्याचं दुकान आज बंद.

मी वर गेले आणि मसाल्याच्या डब्यामागून भाजी कापायची फळी काढून आणली. पांढरी, जाड, कव्हरसकट. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला प्राचीने मला दिलेली. मी विळीवर बसणारी बाई, फळीवर उभ्याने कांदा कापणं मला जमत नाही, आणि तसं सांगायला जीभ रेटली नव्हती. प्राचीने फळी बघितली, चष्मा वर सरकवला.

"एकदाची कुठेतरी लागली, आई," ती म्हणाली.

"जपून ठेवली होती," मी म्हटलं. "मोठ्या कामासाठी."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मीही हसले. बरं वाटलं.

फळीचा पंजाएवढा तुकडा कापला, भोकं पाडली. खुर्चीसमोर कयाकला गोल झाकण असतं, ते उघडून आत हात घालायचा. दीपकचा पंजा पान्ह्यासकट जाईना. प्राचीचा गेला, पण पोहोचेना. मग मी बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या, आडवी झाले आणि खांद्यापर्यंत हात त्या केळ्याच्या पोटात घातला. आत काही दिसत नाही, सगळं बोटांनी. फळी वर दाबून धरायची, बोल्टचं टोक लागलं की त्यावर वायसर, मग नट. एक नट दोनदा पडला. मी त्याला मालवणीत काय ते बोलले. हे शेजारी स्टुलावर बसले होते, डाव्या हाताने टॉर्च धरून, आणि माझ्या शिव्या ऐकून खुदखुदत होते. वरून बोल्टच्या डोक्याखाली दीपकने रबराच्या चकत्या घातल्या, पाणी शिरू नये म्हणून. त्याने वरून पिळलं, मी खालून पान्हा धरला. चारही बोल्ट बसले तेव्हा माझा खांदा माझा राहिला नव्हता.

भिवाभाऊजींनी होल्डर धरून हिसका दिला. काही झालं नाही. दीपकने तोच धरून कयाक उचलली. पुढचं टोक वर आलं, होल्डर जागचा हलला नाही. मग आम्ही सगळे ह्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांना जवळ आणलं. त्यांनी उजवा हात ठेवला, बोटं मिटली, दात आवळले आणि ओढलं. अख्खी कयाक टायरांवर सरकली. होल्डर तिथेच.

"होल्डर बसलो," हे म्हणाले. दीपकने तोंड फिरवलं.

कोजागिरी झाली आणि एका सकाळी टेम्पोतून केळं दादर चौपाटीला नेलं. समुद्र शांत होता. ह्यांना जॅकेट घातलं, आत बसवलं. डावा हात हँडलवर. उजवा दीपकने उचलून होल्डरच्या पायाशी ठेवला आणि त्यात गळाची काठी खोचली. "आई, तू म्हणालीस तर नाही नेत," दीपक म्हणाला. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "जा आता, उन्हं वाढतील."

किनाऱ्यावर मी बसले नाही. प्राची बस बस म्हणत होती. चेहरे दिसतील एवढ्यावरच राहायचं ठरलं होतं, पण पाण्यावर चेहरे लवकर बारीक होतात. मला दोन ठिपके दिसत होते, पुढचा आणि मागचा, आणि मी पुढच्यावरची नजर काढली नाही. गावच्या लक्ष्मीनारायणाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, फेडताना कळेलच.

मग काठी वाकली. तेवढं मलाही दिसलं. चांगली कमानीसारखी वाकली आणि पुढचा ठिपका पुढे झुकला. प्राचीने माझा दंड धरला. मी तो होल्डर डोळ्यांसमोर आणला, खालची फळी आणली, माझ्या हाताने बसवलेले नट एकेक करून आठवले. धरून ठेव बाबा, म्हटलं. कुणाला म्हटलं, फळीला की ह्यांना, ते विचारू नका.

परत आले तेव्हा दीपक लांबूनच ओरडत होता. शिंगाळा मिळाला होता, वीतभर. काटा विषारी म्हणून सोडून दिला परत. वर्षभराची वाट आणि हाती शिंगाळा, तोही सोडलेला. पण कहाणी वेगळीच होती. मासा ओढायला लागला तशी हे काठीवर पडले आणि उजव्या हाताने होल्डरला धरून ताठ बसून राहिले, दीपक मागून रीळ फिरवेपर्यंत. "आई, सगळं अंग त्या हातावर होतं गं त्यांचं. सगळं," तो सांगत होता. "आणि आता तो हात सुटत नाहीये. ये ना, सोडव."

मी साडी न उचलताच पाण्यात गेले. गुडघ्यापर्यंत भिजले. ह्यांची मूठ होल्डरवर गच्च, खाऱ्या पाण्याने थंड पडलेली. रोजच्यासारखं अंगठ्यापासून सुरू केलं. तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळी सुटली आणि हात मोकळा झाला. तो मी मांडीवर ठेवायला निघाले, तेवढ्यात बोटं पुन्हा मिटली. माझ्या हातावर.

आपोआप मिटली की त्यांनी मिटली, ते मला विचाराल तर मी सांगेन त्यांनी. कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भिजलंस गो."

सगळ्यांनी धरून ह्यांना वाळूवर आणून बसवलं. मी शेजारी बसले, बसावंच लागलं, हात तिथेच होता. प्राचीने चहा आणला. ह्यांनी डाव्या हाताने घेतला, मी उजव्या. दीपक कयाक पुसून आला आणि आमच्यासमोर उकिडवा बसला.

"आई, अवघडलीस ना? थांब, मी सोडवतो," म्हणाला.

मी म्हटलं, "हात तर लावून बघ मेल्या."